धर्माची परीक्षा शेजाऱ्याच्या अंगणांत

(विष्णुपुरी येथें शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत झालेलें भाषण)



गोदाकांठच्या या विष्णुपुरींत आज जीं घरें जमलीं आहेत त्यांत कुणबी आहेत, माळी आहेत, धनगर, सुतार, कुंभार, मातंग व बौद्ध आहेत, आणि त्यांच्याच ओळींत कांहीं ख्रिस्ती घरेंही बसलीं आहेत. आम्हांस बोलावयास दिलेला विषय असा आहे कीं, ख्रिस्ती माणसानें आपला धर्म कसा जगावा, म्हणजे त्याचा चांगला परिणाम शेजाऱ्यापाजाऱ्यांवर होईल? कोणी म्हणेल, हा विषय चर्चमधल्या पाद्र्यांचा. सत्यशोधकांच्या सभेंत त्याचें काय काम? आमचें उत्तर असें आहे कीं, ज्याच्या विहिरीशेजारीं आपली विहीर आहे, ज्याची सुगी व आपली सुगी एकाच पावसावर अवलंबून आहे, त्याचा धर्म कसा आहे हें पाहणें आपलें काम आहेच. आणि आपला धर्म कसा आहे हें पाहण्याचा हक्क त्यालाही आहे.

आम्ही पाद्री नाहीं आणि पुरोहितही नाहीं. कोणास बाटविण्यास आलों नाहीं, आणि कोणास परत आणण्यासही आलों नाहीं. गांवोगांव दोन प्रकारचे लोक भेटतात. एक म्हणतो, ख्रिस्ती झाला तो परका झाला, त्याच्याशीं व्यवहार नको. दुसरा म्हणतो, ख्रिस्ती झाला कीं माणूस आपोआप सुधारला. हे दोघेही माल न मोजतां भाव सांगतात. बाजारांत आपण ज्वारीचें पोतें घेतांना वरची मूठ पाहून पैसे देत नाहीं. आंत हात घालतों, दाणा दांताखालीं फोडून पाहतों. धर्माचीही पारख तशीच केली पाहिजे. पोथी काय सांगते हें पोत्यावरचें अक्षर आहे. माणूस कसा वागतो हा आंतला दाणा आहे.

ही पारख येशूनेंच आपल्या शिष्यांस लावून दिली होती. त्यानें त्यांस मिठाची उपमा दिली, दिव्याची दिली, आणि देवाच्या राज्यास पिठांत कालविलेल्या आंबोणाची दिली. या तिन्ही वस्तु आपल्या घरांतल्या आहेत, म्हणून अर्थ समजावयास शास्त्री लागत नाहीं. मीठ कालवणांत दिसत नाहीं, पण नसलें तर पहिल्याच घांसाला कळतें. दिवा स्वतःविषयीं कांहीं सांगत नाहीं. त्याच्या उजेडांत म्हातारीला सुईंत दोरा ओवतां येतो, एवढेंच त्याचें काम. आणि आंबोण थोडें असतें, पण सगळें पीठ फुगवितें. पिठाचें आंबोण व्हावें असा मात्र त्याचा हट्ट नसतो. पिठाची भाकर व्हावी, ती कोणाच्या तरी पोटांत जावी, यांत त्याचें सार्थक असतें.

त्यानें सांगितलेली एक गोष्ट तर आमच्या मराठवाड्यांतल्या कोणत्याही रस्त्यावर घडावी अशी आहे. एका वाटसरूस चोरांनीं लुटलें, मारलें आणि अर्धमेला करून टाकलें. त्या वाटेनें मंदिराचा याजक आला. बाजूनें निघून गेला. त्याच मंदिराचा सेवक आला, तोही गेला. मग आला एक शोमरोनी, म्हणजे ज्याच्या हातचें पाणी घेण्यास त्या देशचे सोंवळे लोक कचरत अशा जमातीचा माणूस. त्यानें जखमा धुतल्या, बांधल्या, स्वतःच्या जनावरावर घालून धर्मशाळेंत नेलें आणि पुढील खर्चाचे पैसे भरले. येशूनें विचारलें, यांत शेजारी कोण ठरला? बंधूंनो, या गोष्टींत ज्याला हीन मानलें तोच धर्म पाळतो, आणि ज्याच्या पोटापाण्याचा धंदाच धर्म आहे तो वाट वांकडी करून जातो. जोतीराव फुल्यांनीं 1873 सालच्या 'गुलामगिरी'त येशूला बळीराजाच्या पंक्तींत कां बसविलें, हें या गोष्टीवरून ध्यानांत येतें.

आतां जोतीरावांचेंच उदाहरण घेऊं. माळ्याच्या या मुलाला इंग्रजी शिक्षण मिळालें तें पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत, 1841 ते 1847 या काळांत. त्याआधीं जातभाईंच्या व भटकारकुनांच्या सांगण्यावरून बापानें त्यांस शाळेंतून काढलें होतें. गफार बेग मुनशी आणि लिजिटसाहेब या दोन शेजाऱ्यांनीं, म्हणजे एका मुसलमानानें व एका ख्रिस्त्यानें, गोविंदरावांची समजूत घातली, तेव्हां पुन्हा पाटी हातीं आली. पुढें जोतीरावांनीं अहमदनगरास अमेरिकन मिशनच्या मुलींच्या शाळा पाहिल्या. तेथें सिंथिया फॅरार नांवाची अविवाहित बाई काम करीत असे. ती 1827 सालच्या अखेरीस मुंबईस आली, 1839 सालीं नगरास गेली आणि 1862 सालीं नगरासच वारली. आपला मुलूख, आपली माणसें सोडून तीसांहून अधिक वर्षें ती परक्यांच्या मुलींस अक्षरें शिकवीत राहिली. जोतीरावांनीं 1848 सालीं पुण्यास भिड्यांच्या वाड्यांत मुलींची शाळा काढली, तींत सावित्रीबाई शिकवूं लागल्या.

पण एक गोष्ट येथें नीट पाहा. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहींत. मिशनऱ्यांशीं त्यांचा स्नेह होता, त्यांच्या कामाची ते उघड वाखाणणी करीत, बाबा पदमनजींसारखे ख्रिस्ती त्यांचे मित्र होते. तरी त्यांनीं बाप्तिस्मा घेतला नाहीं. 24 सप्टेंबर 1873 रोजीं त्यांनीं आपला वेगळा सत्यशोधक समाज काढला. आतां कोणी विचारील, मग त्या मिशनशाळेचे श्रम फुकट गेले काय? बाप्तिस्म्याच्या वहींत एक नांव कमी पडलें खरें. पण शूद्रातिशूद्रांच्या आणि बायकांच्या हजारों घरांत जो उजेड गेला त्याची एक वात त्या शाळेंत पेटली होती. ज्याच्यावर आपला परिणाम झाला तो स्वतःच्या पायांवर उभा राहिला, स्वतःच्या डोक्यानें विचार करूं लागला, प्रसंगीं आपल्याशींही वाद घालूं लागला, तर तो परिणाम चांगला समजावा. तो आपली सांवली बनून मागून चालूं लागला, तर त्याला एका खुंट्यावरून सोडून दुसऱ्या खुंट्याला बांधलें एवढेंच झालें.

दुसरें उदाहरण पंडिता रमाबाईंचें. बाई जन्मानें ब्राह्मण, संस्कृतांत पारंगत, ऐन तारुण्यांत विधवा. 1883 सालीं इंग्लंडांत त्यांनीं ख्रिस्ती धर्म घेतला तेव्हां इकडे पुण्यांत मोठा गहजब झाला. त्या वेळीं त्यांची बाजू उघडपणें घेणारा माणूस होता माळ्याचा जोतीराव; 1885 सालच्या 'सत्सारा'त त्यांनीं ती घेतली. बाईंनीं 11 मार्च 1889 रोजीं मुंबईस शारदा सदन काढलें आणि पुढील वर्षीं तें पुण्यास नेलें. तेथें विधवा मुली राहत, शिकत, आपलें सोंवळें-ओंवळेंही पाळीत. बाईंनीं कोणास सक्ती केली नाहीं. त्या आपल्या खोलींत प्रार्थना करीत आणि दार उघडें ठेवीत. ज्या मुलीस यावेंसें वाटे ती येऊन बसे. एवढ्यावरून 'केसरी'नें रान उठविलें आणि 1893 सालीं रानडे, भांडारकर यांच्यासारखी मंडळीही सल्लागार समितींतून बाहेर पडली.

त्या उघड्या दाराचा आम्हीं पुष्कळ विचार केला आहे. दार लावून घेतलें असतें तर बाईंवर आळ आला नसता. पण मग आपण कोण आहों हें लपवून ठेवावें लागलें असतें. मुलींस हातीं धरून आंत ओढलें असतें तर तो जुलूम झाला असता. दार उघडें ठेवणें आणि कोणास न ओढणें, या दोहोंच्या मधोमध एक अरुंद बांध आहे. त्यावरून चालणें हेंच खरें कठीण. ख्रिस्ती बांधवांनो, तुमचें दार असें असावें. आणि इतर बांधवांनो, शेजाऱ्याचें दार उघडें दिसलें म्हणून लगेच दगड उचलूं नये. आंत काय चाललें आहे तें पाहावें. आवडलें तर घ्यावें, न आवडलें तर रामराम करून आपल्या घरीं जावें.

पुढें 1896-97 चा दुष्काळ आला. मध्यप्रांतांत माणसें रस्त्यांत मरूं लागलीं, आणि निराधार पोरींस पळवून विकणारे दलाल फिरूं लागले. रमाबाई तेथें गेल्या आणि सुमारें तीनशें मुली व बायका घेऊन आल्या. पुणें जिल्ह्यांत केडगांवास त्यांनीं जें वसविलें तें मुक्ति मिशन. त्यानंतर 1900 सालच्या गुजराथच्या दुष्काळांतल्या मुलीही तेथें आल्या आणि वस्ती दोन हजारांच्या घरांत गेली. एवढ्या माणसांस नुसती भीक घालून कोण पोसणार? बाईंनीं विहिरी खणविल्या, शेती केली, गाईम्हशी ठेविल्या, माग लावले, तेलाचा घाणा बसविला, शिवणकाम काढलें, छापखाना घातला. मुली स्वतः खिळे जुळवीत, छापीत, पुस्तकें बांधीत. बाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून शास्त्राचें सोप्या मराठींत भाषांतर केलें तेंही त्याच छापखान्यांत छापलें गेलें; 5 एप्रिल 1922 रोजीं बाई वारल्या, आणि तें पुस्तक 1924 सालीं बाहेर पडलें.

कारागीर बंधूंनो, यांत तुमच्या कामाची गोष्ट आहे. दुष्काळांत अन्न घालणारे दानशूर पुष्कळ असतात. पण अन्नाबरोबर हातांत हत्यार देणारा विरळा. ज्या विधवेचें तोंड पाहणें अशुभ मानीत तिला माग चालवितां आला, खिळे जुळवितां आले, चार पैसे मिळवितां आले, म्हणजे ती कोणाच्या दयेवर राहिली नाहीं. आम्हांस वाटतें, बाईंच्या धर्माचें सर्वांत मोठें प्रवचन त्या घाण्यानें व त्या मागानें केलें.

आतां आपल्याच मराठवाड्यांतली एक गोष्ट सांगतों. जालन्यास नारायण शेषाद्रि नांवाचे देशी पाद्री होऊन गेले. तेही जन्मानें ब्राह्मण. 1843 सालीं मुंबईस ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयी होता. तोही मिशनऱ्यांकडे गेला, तेव्हां बापानें कोर्टांत दावा लाविला आणि मुलगा परत मिळविला. पण घरीं आलेल्या त्या पोरास जातींत घ्यावयास शास्त्रीमंडळ तयार होईना! बाळशास्त्री जांभेकरांनीं त्याच्या प्रायश्चित्तासाठीं खटपट केली, तर त्यांच्यावरही गिल्ला झाला. पाहा हा न्याय: जाऊं देणार नाहीं, आणि आला तर घेणारही नाहीं. अशा घरांतून बाहेर पडलेल्या नारायणरावांनीं पुढें काय केलें? जालन्याच्या आसपासच्या मांग-महार वस्त्यांत ते गेले. निजामाचे दिवाण सर सालार जंग यांजकडून जमीन मिळवून त्यांनीं जालन्याजवळ 'बेथेल' नांवाचें खेडें वसविलें. ज्यांस गांवकुसाबाहेर ठेविलें होतें त्यांस तेथें घर मिळालें, शाळा मिळाली, हातास धंदा मिळाला. 1891 सालीं अमेरिकेहून परततांना समुद्रावर त्यांचा अंत झाला.

ब्राह्मणेतर चळवळीच्या पत्रांत ब्राह्मण जन्मलेल्यांची एवढी वाखाणणी कशी, असें कोणाच्या मनांत येईल. आमचें भांडण भिक्षुकशाहीशीं आहे, जन्माशीं नाहीं. जो माणूस जन्मानें मिळालेलें उंच आसन सोडून मांगवाड्यांत जाऊन बसतो तो आमचा आहे. आणि जो आमच्यांत जन्मून, दोन एकर बागाईत झाल्याबरोबर शेजारच्या मातंगाला ओट्यावर चढूं देत नाहीं, तो कोणत्याही जातीचा असो, भटच समजावा.

धर्म घरांत कसा उतरतो हें पाहावयाचें असेल तर लक्ष्मीबाई टिळकांकडे पाहावें. त्यांचे यजमान नारायण वामन टिळक 1895 सालीं ख्रिस्ती झाले, तेव्हां बाईंवर आकाश कोसळलें. नवऱ्यापासून दूर राहून त्यांनीं कांहीं वर्षें काढलीं. ज्यांच्या वडिलांस बाहेरून आलेली प्रत्येक वस्तु धुवून घेण्याचा नाद होता अशा घरांतली ती लेक. तिच्या मनांतून सोंवळें कोणाच्या व्याख्यानानें गेलें नाहीं. माणसांमाणसांत देवानें भेद केला आहे काय, हा प्रश्न तिनें स्वतःशींच घोळविला, आणि एकदां उत्तर मिळाल्यावर कोणाच्याही हातचें पाणी पिण्यास सुरुवात केली. बाप्तिस्मा मागाहून झाला; पाण्याचा पेला अगोदर. बायांनो, तुमच्यापैकीं कोणी वाचणारी असेल तर 1934 पासून भागाभागानें निघालेलीं तिचीं 'स्मृतिचित्रें' घरांत वाचून दाखवावींत. फारशी शाळा न पाहिलेल्या बाईनें लिहिलेलें तें पुस्तक आहे, हें ऐकून आपल्या मुलींस बळ येईल.

त्याच टिळकांच्या नगरच्या घरीं त्र्यंबक बापूजी ठोमरे हा पोरगा मुलासारखा राहिला. त्यालाच पुढें महाराष्ट्रानें 'बालकवि' म्हणून ओळखलें. त्याला त्या घरानें जेवूं घातलें, माया दिली, कवितेची वाट दाखविली. ठोमरे ख्रिस्ती झाले नाहींत, 1918 सालीं अपघातांत वारले तोंपर्यंत नाहींत. आणि म्हणून त्या घराची माया कमीही झाली नाहीं. जेवूं घालतांना ज्याचा डोळा पाहुण्याच्या जानव्यावर किंवा क्रूसावर नसतो, त्याचें अन्न अंगीं लागतें.

मिरजेची गोष्ट तर थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. डॉक्टर विल्यम वॉन्लेस या कानडाच्या माणसानें 1894 सालीं तेथें मिशनचें इस्पितळ उघडलें, आणि 1928 सालीं परत जाईपर्यंत तें चालविलें. दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटकांतून बैलगाडीनें, आगगाडीनें दुखणेकरी तेथें येत. तेथें देशी मुलांस वैद्यकी शिकविली गेली, आणि तीं मुलें पुढें गांवोगांव जाऊन बसलीं. चाकूखालीं सगळ्यांचें रक्त तांबडेंच निघतें, ही गोष्ट आम्ही सभांतून ओरडून सांगतों. त्या इस्पितळांत ती नुसती पाहावयास मिळे.

आतां आक्षेपाकडे वळूं, कारण आक्षेप गिळून भाषण करणें हा सत्यशोधकाचा मार्ग नव्हे. लोक म्हणतात, दुष्काळांत भाकर दाखवून माणसें बाटविलीं. या म्हणण्यांत कांहीं तथ्य आहे. उपाशी माणसासमोर भाकर आणि पोथी एकदम ठेविली तर त्याचा हात प्रथम भाकरीकडे जाणार, आणि मग त्यानें पोथी मनापासून घेतली कीं नाहीं हें त्याचें त्यालाही सांगतां येणार नाहीं. म्हणून भाकर देणाऱ्यानें ती बिनशर्त द्यावी. परंतु आक्षेप घेणाऱ्यासही आम्ही विचारतों: तो माणूस उपाशी होता तेव्हां तुम्ही कोठें होतां? तुमच्या कणग्या भरलेल्या होत्या, तुमच्या विहिरीस पाणी होतें, आणि तो दोराला हात लावूं शकत नव्हता. ज्या धर्मांत आपणांस माणूस म्हणून बसावयास जागा मिळाली तेथें गेलेल्यास 'पोटासाठीं गेला' म्हणणें सोपें आहे. तो पोटासाठीं गेला कीं मानासाठीं गेला, हें त्यालाच विचारा.

दुसरा आक्षेप ख्रिस्ती बांधवांवर आहे, आणि तो आम्ही त्यांच्या तोंडावर बोलतों. चर्चच्या एका बांकावर बसणारीं कित्येक घरें लग्न जुळवितांना हळूच पूर्वीची जात विचारतात. हा महारांतला, तो मांगांतला, असें अजून चालतें. बंधूंनो, ज्या मिठाचा खारटपणा गेला तें वाटेवर टाकून तुडविण्याच्या कामाचें, हें तुमचाच गुरु सांगून गेला आहे. जातीच्या चिखलांतून निघतांना पायांस चिखल लागणारच. पण तो धुवावयाचा, कीं नव्या घरांत जपून ठेवावयाचा? ज्या दिवशीं तुमच्यांत या भेदाचा मागमूस राहणार नाहीं, त्या दिवशीं तुम्हांस आम्हांपुढें एक शब्दही बोलावा लागणार नाहीं. आम्हीच आमच्या पोरांस सांगूं, जा, त्यांच्या घरीं पाहून या.

तिसरी गोष्ट परकेपणाची. टिळकांस ही फार खुपे. येशूला मराठी अंगरखा न घालतां विलायती कोटांत उभा केला तर आमच्या शेतकऱ्यास तो साहेब वाटणार, हें त्यांस कळलें होतें. म्हणून त्यांनीं भजन, कीर्तन, अभंग यांचा आधार घेतला, आणि 1917 सालीं मिशनचा पगार सोडून दिला. नोकरीचा शब्द आणि मनाचा शब्द यांतला फरक ऐकणारास लगेच कळतो. धर्माचें काम जो पोटाच्या चाकरीपासून वेगळें ठेवतो त्याचें बोलणें लोक विश्वासानें ऐकतात. हें जसें पाद्र्यास लागू तसेंच भटजीस लागू, आणि आम्हां सभा गाजविणारांसही.

इतकें सांगितल्यावर, ख्रिस्ती शेजारी आपल्या धर्मासाठीं काय सोसतो हेंही आपण जाणून घेतलें पाहिजे. 1950 सालच्या राष्ट्रपतींच्या हुकुमानें अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेविल्या. 1956 सालीं त्यांत शीख आले, 1990 सालीं बौद्ध आले. ख्रिस्ती व मुसलमान झालेल्या दलितांस ती वाट मोकळी झाली नाहीं. 2022 सालीं या प्रश्नाच्या चौकशीसाठीं आयोग नेमला गेला. म्हणजे एका आईच्या दोन लेकरांपैकीं एकानें बुद्धाला नमस्कार केला आणि दुसऱ्यानें येशूला, तर गांव दोघांसही पूर्वीच्याच नांवानें हिणवितो, पण सवलतीचा दाखला एकासच मिळतो. ज्या घरानें हें नुकसान पतकरून आपला विश्वास सोडला नाहीं त्याला 'लोभानें गेला' म्हणण्यास जीभ कशी रेटते? ही त्यांच्या एकट्यांची तक्रार समजूं नये. समतेच्या नांवानें चालणाऱ्या प्रत्येक चळवळीची ती तक्रार असली पाहिजे.

आतां करावयाचें काय? नुसतें ऐकून उठून जाण्यास आपण जमलों नाहीं. आपल्या याच विष्णुपुरींत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचें मोठें इस्पितळ आहे. तेथें जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यांतून दुखणेकरी येतात, आणि त्यांच्याबरोबर आलेली आई, बायको, म्हातारा बाप कोठें तरी भिंतीच्या आडोशास बसतो. खाट दुखणेकऱ्यास असते. त्याच्या माणसाची भाकर कोण पाहतो? आम्ही सुचवितों कीं, येथल्या प्रत्येक घरानें आठवड्यांतून एक दिवस चार भाकरी जास्त थापाव्या. ख्रिस्ती घर आणि इतर घर यांनीं जोडीनें जावें. भाकर देतांना जात विचारूं नये, धर्म विचारूं नये, आणि आपलाही सांगूं नये. कोणी विचारलेंच, तर खरें तें सांगावें.

दुसरें काम पेरणीच्या दिवसांतलें. कर्जापायीं कर्ता पुरुष गेलेलीं घरें मराठवाड्यांत कमी नाहींत. मृगाच्या पावसांत त्या बाईस बैल मिळत नाहीं, ट्रॅक्टरवाला आधीं पैसे मागतो, आणि चार दिवसांचा उशीर झाला कीं वर्ष बुडालें. गांवानें आपली पेरणी लांबवावी असें आम्ही म्हणत नाहीं. पहिल्या चार दिवसांत एक सकाळ तिच्या वावरासाठीं ठेवावी. सुतारानें तिची तिफण सांधून द्यावी, लोहारानें फण शेवटून द्यावे, औतवाल्यानें औत धरावें. तिच्या शेतांत उगवलेलें पीक पाहून पुढच्या वर्षीं आणखी चार घरें येतील. तिसरें काम वजनमापाचें. दुकानदार, दूधवाला, मजुरी देणारा, ज्याच्या हातीं मापटें आहे त्यानें तें सरळ धरावें. मुकादम ख्रिस्ती असो कीं सत्यशोधक, बाईच्या मजुरींतले दहा रुपये कापून त्यानें प्रार्थनेस किंवा सभेस जाऊं नये.

हें सारें ख्रिस्त्यांनीं केलें तर तो ख्रिस्ती धर्म, आणि आपण केलें तर तो सत्यधर्म. येथून हाकेच्या अंतरावर नांदेड आहे. तेथें 1708 सालीं गुरु गोविंदसिंहांनीं देह ठेविला. त्यांच्या गुरुद्वाऱ्याच्या लंगरांत राजा आणि रंक एका पंगतींत बसतात. वाढणारा नांवगांव विचारीत नाहीं. आपणांपैकीं किती जण तेथें जेवून आले असतील! कोणी शीख झाला काय? नाहीं. पण घरीं येऊन किती जणांनीं आपल्या दारच्या पंगतींतला भेद मोडला? चांगला शेजार लाभून जर आपण होतों तसेच राहिलों, तर तो शेजाऱ्याचा दोष नव्हे. दिवा लावणाऱ्याचें काम त्यानें केलें. डोळे उघडणें आपल्याकडे असतें.

जोतीरावांच्या हयातीनंतर, 1891 सालीं, 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' छापलें गेलें. त्यांत त्यांनीं एका कुटुंबाचें चित्र काढलें आहे. आई बुद्धाचा धर्म पाळते, बाप येशूचा, मुलगी महंमदाचा आणि मुलगा सार्वजनिक सत्याचा. आणि चौघें एका छपराखालीं, एकमेकांचा हेवा न करतां, एका चुलीवरचें खातात. असें घर त्या वेळीं कोठें होतें? आज तरी किती आहेत? पण त्या म्हाताऱ्यानें अर्धांगवायूनें उजवा हात निकामी झाल्यावर डाव्या हातानें हें पुस्तक लिहिलें, तें आपण वाचून ठेवून द्यावें म्हणून खास लिहिलें नाहीं. चार धर्मांचें एक घर आज बांधतां येत नसेल, तर चार धर्मांची एक आळी तरी आपण बांधूं. तिला पाणी एका नळाचें असूं द्या, दुखण्यांत धांवणारे पाय कोणाचेही असूं द्या.

ज्यांस येत्या रविवारपासून इस्पितळावर भाकरी घेऊन जावयाचें असेल त्यांनीं सभा उठल्यावर थांबावें. नांवें लिहून घेऊं. पुढें जात लिहिणार नाहीं.

सत्यमेव जयते.